दोन सम्राज्ञी, एक माहेर

सख्ख्या बहिणींची लग्नं झाली, की एक सोलापूरला जाते, दुसरी नागपूरला. मग गाठ पडते ती दिवाळीत, नाहीतर मे महिन्यात माहेरी. मधल्या काळात पूर्वी पत्रं असायची, आता फोन असतो. विषय मात्र तेच. धाकट्याचा ताप उतरला का? तुझा गुडघा काय म्हणतोय? आईला बरं नाही म्हणे, तू कधी जातेस? आता समजा, यातली एक बहीण इंग्लंडची राणी आणि दुसरी रशियाची सम्राज्ञी असली तर? तरीही पत्रातले विषय फारसे बदलत नाहीत. डेन्मार्कच्या अलेक्झांड्रा आणि डॅगमार या दोन बहिणींनी जवळजवळ साठ वर्षं एकमेकींना पत्रं लिहिली. नवरे राज्य करत होते, मंत्री भांडत होते, आणि या दोघी मात्र मुलांची आजारपणं, आईवडिलांची तब्येत आणि घरातली सुखदुःखं एकमेकींना कळवत होत्या.

यातली थोरली अलेक्झांड्रा आपल्याला अगदीच परकी नाही. १९०१ ते १९१० या काळात ती हिंदुस्थानचीही सम्राज्ञी होती. मुंबईच्या बंदरातली आजची इंदिरा गोदी १९१४ मध्ये सुरू झाली, तेव्हा तिला अलेक्झांड्राचंच नाव होतं. १८६३ मध्ये माणेकजी कर्सेटजी यांनी मुंबईत मुलींसाठी इंग्रजी शाळा काढली, तिलाही याच नव्या नवरीचं नाव दिलं गेलं. १९०२ च्या राज्याभिषेकात कोहिनूर तिच्याच मुकुटात बसवला होता. तिच्या त्या दिवशीच्या झग्याचं सोनेरी भरतकामही लेडी कर्झन यांनी हिंदुस्थानातल्या कारागिरांकडून करवून घेतलं होतं. पण ती स्वतः इथं कधीच आली नाही. १८७५ मध्ये नवरा हिंदुस्थानच्या दौऱ्यावर निघाला, तेव्हा तिला यायची फार इच्छा होती. त्यानं नेलं नाही. ते तिच्या मनाला फार लागलं होतं.

अलेक्झांड्राचा जन्म १ डिसेंबर १८४४ चा, कोपनहेगनमधला. वडील ख्रिश्चन राजघराण्यातले खरे, पण दूरच्या पातीतले. सैन्यातला पगार बेताचा आणि पदरी सहा मुलं. राहायला ‘पिवळा राजवाडा’ मिळालेला, पण नाव मोठं असलं तरी रस्त्याला लागून असलेलं ते एक साधंसं घर होतं. अलेक्झांड्रा आणि तीन वर्षांनी लहान डॅगमार यांची खोली एकच, वर माळ्यावर. आपले कपडे मुली स्वतः शिवायच्या, पाहुणे आले की वाढायलाही मदत करायच्या. परीकथा लिहिणारा हान्स अँडरसन अधूनमधून या मुलांना गोष्टी सांगायला यायचा. आईनं, म्हणजे लुईसनं, मुलींना पोहायलासुद्धा शिकवलं होतं, तेही स्वीडनहून आलेल्या एका बाईंकडून. त्या काळात हे धाडसच म्हणायचं. घरात थोरली अलिक्स आणि धाकटी मिनी. ही नावं दोघी म्हाताऱ्या होईपर्यंत टिकली.

मग १८६३ साल उजाडलं आणि या घराचं नशीबच पालटलं. मार्चमध्ये अठरा वर्षांच्या अलिक्सचं लग्न इंग्लंडचा युवराज एडवर्ड याच्याशी झालं. त्याच महिन्यात तिच्या भावाला ग्रीसनं राजा म्हणून निवडलं. नोव्हेंबरमध्ये वडील डेन्मार्कचे राजे झाले. एका वर्षात एवढं! पण सुख लाभावं तर लगेच १८६४ मध्ये प्रशिया आणि ऑस्ट्रियानं डेन्मार्कवर चाल केली आणि देशाचा मोठा लचका तोडला. सासरी सासूबाई व्हिक्टोरिया राणी. त्यांचं माहेरचं रक्त जर्मन, थोरल्या लेकीचं सासर प्रशियाचं. सासरची सहानुभूती शत्रूकडे आणि माहेर पेटलेलं, अशा घरात ही एकोणीस वर्षांची सून दिवस काढत होती. याच काळात, ८ जानेवारी १८६४ ला, तिचा पहिला मुलगा दोन महिने आधीच जन्माला आला. प्रशियावरचा राग तिनं पुढं आयुष्यभर सोडला नाही.

इकडं मिनीची सोयरीक रशियाचा युवराज निकोलस याच्याशी ठरली. मुलगा तिला मनापासून आवडला होता. पण लग्नाआधीच, एप्रिल १८६५ मध्ये, फ्रान्समधल्या नीस इथं मेंदूच्या दाहानं तो गेला. सतरा वर्षांची पोर त्याच्या शेवटच्या दिवसांत त्याच्या उशाशी होती. पुढच्या वर्षी त्याच्याच धाकट्या भावाशी, अलेक्झांडरशी, तिचं लग्न ठरलं. आपल्याला हे ऐकून जरा कसंसंच होतं. राजघराण्यांतल्या सोयरिकी अशाच, माणूस गेलं तरी करार राहतो. पण नशिबाची गंमत बघा, हेच लग्न युरोपातल्या राजघराण्यांतल्या सगळ्यात सुखी लग्नांपैकी एक ठरलं. १८६६ च्या नोव्हेंबरमध्ये ते झालं. अलिक्सला पाठच्या बहिणीच्या लग्नाला जाता आलं नाही. ती गरोदर होती आणि डॉक्टरांनी प्रवासाला मनाई केली होती. नवरा मात्र जाऊन मजा करून आला.

तेव्हापासून पत्रं हाच आधार. दोघी लिहायच्या आपल्या डॅनिश भाषेत. अलिक्सची पत्रं घाईघाईत लिहिलेली, शब्दांखाली जागोजागी रेघा ओढलेली. बोलताना आपण जिथं आवाज चढवू, तिथं तिची रेघ पडायची. राजकारण त्यात क्वचितच यायचं, आणि आलं तरी घरच्या भाषेत. इंग्लंड आणि रशिया त्या काळात एकमेकांकडे संशयानं बघत होते. १८७८ मध्ये आणि पुन्हा १८८५ मध्ये तर लढाई जुंपते की काय असं झालं होतं. आणि दोन्ही राजवाड्यांत सख्ख्या बहिणी!

मिनीच्या लग्नानंतर तीनच महिन्यांत अलिक्सचं ते मोठं आजारपण आलं. फेब्रुवारी १८६७ मध्ये तिसऱ्या बाळंतपणाच्या वेळी तिला संधिवाताच्या तापानं गाठलं. अंगात कळा, गुडघा सुजलेला, आणि त्याच अवस्थेत २० तारखेला मुलगी झाली. नवरा घोड्यांच्या शर्यतींना गेलेला. तारा केल्या तरी तो लगेच परतला नाही. कित्येक महिने ती अंथरुणातून उठली नाही, आणि उठली ती कायमची लंगडत. गंमत म्हणजे लंडनच्या फॅशनेबल बायकांनी त्या लंगडण्याचीही नक्कल सुरू केली! एक टाच उंच, एक बुटकी असे बूट दुकानांत मिळायला लागले होते म्हणतात. तिच्या गळ्याशी घट्ट बसणाऱ्या मोत्यांच्या पट्ट्यांचंही तसंच. लहानपणी गळ्यावर राहिलेला व्रण झाकायला ती ते घालायची आणि बाकीच्या नुसत्या हौसेनं.

याहून मोठं दुखणं कानांचं होतं. आईकडून आलेला बहिरेपणा या आजारपणानंतर वाढतच गेला. मेजवानीत शेजारी बसलेला पाहुणा काय बोलतोय ते कळेना. नवऱ्याला गप्पांचा, माणसांचा, हुशार बायकांचा भारी शौक. त्याच्या भानगडी लंडनभर माहीत होत्या. ती सुंदर होती, प्रजेची लाडकी होती, पण समारंभात हसतमुखानं एकटी पडत गेली. मला वाटतं, पत्रांचं मोल तिला एवढं वाटायचं त्याचं हेही एक कारण असणार. पत्र वाचायला कान लागत नाहीत. कागदावर मिनीचा आवाज तिला स्पष्ट ऐकू येत असेल.

या दोघींची दुःखं तर अशी जोडीजोडीनं आली, की वाचताना अंगावर काटा येतो. मिनीचा दुसरा मुलगा अलेक्झांडर वर्षाचाही झाला नव्हता, तो १८७० च्या मे महिन्यात मेंदूच्या दाहानंच गेला. पुढच्या वर्षी एप्रिलमध्ये अलिक्सला सहावं बाळ झालं आणि ते एका दिवसात गेलं. त्याचंही नाव अलेक्झांडर ठेवलं होतं. त्यानंतर अलिक्सला मूल झालं नाही.

१८७३ च्या उन्हाळ्यात मिनी नवऱ्याला आणि मुलांना घेऊन लंडनला आली. दोघी बहिणी अगदी एकसारखे कपडे करून सगळीकडे मिरवल्या, त्याचे फोटो आजही पाहायला मिळतात. एकाच ताग्यातलं कापड आणून दोघी बहिणींनी शिवावं, तसलीच ही हौस! माळ्यावरच्या खोलीत स्वतःचे झगे शिवणाऱ्या पोरी आता सगळ्या युरोपाला फॅशन शिकवत होत्या. दोघींच्या मुलांतही असंच साम्य उतरलं. अलिक्सचा जॉर्ज आणि मिनीचा निकोलस हे मावसभाऊ इतके सारखे दिसायचे, की लोकांची गफलत व्हायची.

मिनीचा नवरा तिच्यावर जीव टाकणारा, घरात रमणारा, दुसऱ्या बाईकडे न बघणारा. अलिक्सला जे मिळालं नाही ते सगळं मिनीला मिळालं. पण मिनीच्या घराभोवती बॉम्ब होते. मार्च १८८१ मध्ये तिच्या सासऱ्यांची, झार दुसरे अलेक्झांडर यांची, रस्त्यात बॉम्ब टाकून हत्या झाली. अलिक्स आणि एडवर्ड अंत्यसंस्काराला गेले. नव्या झारच्या जिवालाही धोका होता, तरी अलिक्स बहिणीसाठी काही दिवस तिथं थांबली. पुढं मिनीचं कुटुंब गाचिनाच्या राजवाड्यात कडक पहाऱ्यात राहायचं. १८८८ मध्ये त्यांची आगगाडी बोर्की इथं रुळांवरून घसरली, वीसाहून जास्त माणसं मेली, पण राजाराणी आणि मुलं वाचली. मोकळा श्वास मिळायचा तो उन्हाळ्यात, माहेरी. ख्रिश्चन आणि लुईस यांच्याकडे फ्रेडेन्सबोर्गला लेकी, सुना, जावई, नातवंडं जमायची, आणि खिडक्यांच्या काचांवर हिऱ्याच्या अंगठीनं आपापली नावं कोरायची. रशियाचा अवाढव्य झारसुद्धा तिथं पोरांबरोबर पोर व्हायचा. धाकटी थायरा ऑस्ट्रियाहून यायची. तिसरी बहीण ती, तिची कहाणी वेगळीच लिहावी लागेल.

१८९१ च्या नोव्हेंबरमध्ये अलिक्स मिनीच्या लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाला क्रिमियात लिवादियाला गेली. त्याच दिवसांत एडवर्डचा पन्नासावा वाढदिवस होता. बायको घरी नाही, ती बहिणीकडे. रागावली होती ती त्याच्या एका प्रकरणावरून, आणि राग असा दाखवला. पण तिथं असतानाच तार आली, जॉर्जला विषमज्वर झालाय. ती धावत परतली. जॉर्ज वाचला. मात्र दोन महिन्यांतच थोरला मुलगा एडी फ्लूनं आणि न्यूमोनियानं सँड्रिंगहॅमच्या घरात, आईच्या डोळ्यांदेखत गेला. तारीख होती १४ जानेवारी १८९२. वय अठ्ठावीस. लग्न सहा आठवड्यांवर आलेलं. त्याची खोली तिनं नंतर होती तशीच ठेवायला लावली.

पुढं मिनीचा मधला मुलगा जॉर्जी क्षयानं खंगला. डॉक्टरांच्या सल्ल्यानं त्याला कॉकेशसच्या डोंगरात आईपासून दूर ठेवलं होतं. जुलै १८९९ मध्ये तो तिथंच गेला. वय? अठ्ठावीसच.

त्याच्या आधीचा मोठा घाव १८९४ चा. झार तिसरे अलेक्झांडर मूत्रपिंडाच्या विकारानं लिवादियात अंथरुणाला खिळले. वय अवघं एकोणपन्नास. अलिक्स आणि एडवर्ड इंग्लंडहून निघाले, पण १ नोव्हेंबरला व्हिएन्नात असतानाच बातमी आली की सगळं संपलं. पुढचे कित्येक आठवडे अलिक्स बहिणीला सोडून हलली नाही. रात्री मिनीच्या खोलीतच झोपायची. माळ्यावरच्या खोलीनंतर तीस वर्षांनी दोघी अशा एका खोलीत आल्या. अंत्ययात्रेचा तो लांबलचक प्रवास, रोजच्या प्रार्थना, आणि दफनानंतर एका आठवड्यात नव्या झारचं लग्न. तेही मिनीच्या वाढदिवशी, कारण तेवढ्या एका दिवसापुरता सुतकाचा नियम सैल करता येत होता. अलिक्सचा स्वतःचा पन्नासावा वाढदिवसही तिथं रशियातच झाला.

या लग्नातलं नातं आपल्या बायकांना पटकन कळेल. मिनीची सून म्हणजे अलिक्सच्या नणंदेची मुलगी! व्हिक्टोरिया राणीची नात. तिच्याबरोबर आजीच्या घरातला रक्त न गोठण्याचा विकार रशियाच्या राजवाड्यात आला, आणि १९०४ मध्ये जन्मलेल्या मिनीच्या नातवाला, अलेक्सीला, तो जडला. मिनीचं आणि सुनेचं कधी जमलं नाही. इकडं अलिक्सही आई म्हणून धुतल्या तांदळासारखी नव्हती. मधली मुलगी व्हिक्टोरिया हिला तिनं जन्मभर स्वतःजवळ अडकवून ठेवलं, लग्न होऊ दिलं नाही. हाकेला धावणारी सखी केली तिची. प्रेमळ बायकाही कधीकधी अशा वागतात.

दवाखान्यांशी मात्र तिचं नातं शेवटपर्यंत होतं. त्वचेच्या क्षयावर प्रकाशकिरणांचा उपचार डेन्मार्कच्या डॉ. फिन्सेन यांनी शोधला होता. तो दिवा तिनं लंडन हॉस्पिटलला आणवला. सैन्यातल्या परिचारिकांचं दल १९०२ पासून तिच्याच नावानं उभं राहिलं.

१८९८ मध्ये आई गेली, १९०६ मध्ये वडीलही. माहेर संपलं. मग या दोघींनी काय करावं? कोपनहेगनजवळ समुद्रकाठी दोघींनी मिळून एक घर विकत घेतलं, ह्विडोर नावाचं. दोन साम्राज्यांत डझनावारी राजवाडे असलेल्या या बायकांना स्वतःचं म्हणावं असं हे एकच घर. उन्हाळ्याच्या शेवटी दोघी तिथं येऊन राहायच्या. साठीच्या बहिणी, ना नवरे ना दरबार.

मे १९१० मध्ये एडवर्ड गेला. आता मिनी धावून आली आणि तीन महिने राहिली. तिनं एक मात्र केलं, रशियात विधवा राजमातेचा मान सुनेच्या आधी असतो, तसा अलिक्सनं घ्यावा म्हणून बहिणीला भरीला घातलं. सून मेरी समजूतदार, तिनं ते चालवून घेतलं. धाकट्या मावशीबद्दल राजवाड्यात काय बोललं गेलं असेल, ते आपण ओळखू शकतो.

१९१४ च्या उन्हाळ्यात मिनी पुन्हा लंडनला आली होती. युद्ध पेटलं आणि तिला घाईनं निघावं लागलं. बर्लिनला तिची गाडी अडवली गेली, मग डेन्मार्क, स्वीडन, फिनलंड असा वळसा घालून ती घरी पोचली. त्यानंतर जवळजवळ पाच वर्षं दोघींची भेट नाही. १९१७ मध्ये क्रांती झाली, मुलानं सिंहासन सोडलं, मिनी क्रिमियात नजरकैदेत पडली. पत्रं जवळपास बंद. कधी काही पोचलं तर पोचलं. इंग्लंडनं निकोलसच्या कुटुंबाला आसरा द्यायचं आधी कबूल केलं आणि मग मागं घेतलं. ते मागं घ्यायला लावणारा राजा जॉर्ज होता, अलिक्सचा मुलगा, निकोलसचा तो हुबेहूब दिसणारा मावसभाऊ. जुलै १९१८ मध्ये निकोलस, त्याची बायको आणि पाचही मुलं गोळ्या घालून मारली गेली. मिनीचा धाकटा मुलगा मिखाईल त्याच्या महिनाभर आधीच मारला गेला होता. तिनं हे कधी मान्य केलं नाही. पोरं कुठंतरी जिवंत आहेत, असंच ती शेवटपर्यंत म्हणत राहिली.

अलिक्सनं मुलाच्या मागं लकडा लावला, बहिणीला आणा. अखेर एप्रिल १९१९ मध्ये ‘मार्लबरो’ ही ब्रिटिश युद्धनौका क्रिमियाला गेली. कप्तानानं मिनीच्या हातात अलिक्सचं पत्र दिलं, आतातरी निघ अशी विनवणी करणारं. मिनी एकाहत्तर वर्षांची, हट्टी. माझ्याबरोबर ज्यांचा जीव धोक्यात आहे त्यांनाही न्या, तरच येते, असं तिनं सांगितलं. ते मान्य झालं. ११ एप्रिलला जहाज याल्टाहून निघालं. माल्टाला जहाज बदलून ९ मे रोजी ती पोर्ट्समथला उतरली, तेव्हा धक्क्यावर अलिक्स उभी होती. एव्हाना तिला जवळजवळ काहीच ऐकू येत नव्हतं.

मिनी काही महिने लंडनला राहिली आणि मग ह्विडोरला गेली. भाचा जॉर्ज तिला वर्षाला १०,००० पौंड देत असे. अलिक्सचं प्रवास करणं आता संपलं होतं. १९२० मध्ये एका डोळ्यातली रक्तवाहिनी फुटली, दृष्टी अधू झाली, पुढं स्मरणशक्ती आणि बोलणंही गेलं. २० नोव्हेंबर १९२५ ला सँड्रिंगहॅमला ती गेली. मिनी १३ ऑक्टोबर १९२८ ला ह्विडोरला गेली. दोघींचंही वय जाताना ऐंशी. २००६ मध्ये मिनीची शवपेटी डेन्मार्कहून सेंट पीटर्सबर्गला नेऊन नवऱ्याशेजारी ठेवण्यात आली.

आपले खासगी कागद जाळून टाकावेत, असं अलिक्सनं सांगून ठेवलं होतं. तिच्या जुन्या सेक्रेटरीबाईंनी ते इमानानं केलं. त्यामुळं लंडनच्या बाजूचं बरंच काही राख झालं. जिथं राजवाडे लुटले गेले, राजा मारला गेला, त्या रशियात मात्र अलिक्सनं मिनीला लिहिलेली पत्रं मॉस्कोच्या सरकारी दप्तरखान्यात राहिली, त्या खालच्या रेघांसकट.